चुलता बोलतोय

गावात मला ‘अर्धा फौजी’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागं नाही, त्यामुळं राग तरी कुणाचा धरायचा? वर्षातले दोन महिने मी वर्दीत असतो आणि उरलेलं वर्ष येडशीच्या रस्त्याला, पत्र्याच्या दुकानात, विहिरी-बोअरच्या जळालेल्या मोटारींमध्ये तांब्याची तार भरत बसलेला असतो. टेरिटोरियल आर्मी म्हणजे हेच. आपापला धंदा सांभाळायचा, वर्षातून एकदा कॅम्पला जायचं, परेड करायची, रायफल चालवायची, घरी यायचं, परत पक्कड हातात घ्यायची. आणि देशाला गरज पडली तर बोलावणं येतं. मग हातातलं काम आहे तिथं ठेवून निघायचं. परत कधी यायचं, ते तुम्ही ठरवायचं नसतं.

हे ‘बोलावणं येतं’ भरतीच्या वेळी नुसतं ऐकलं होतं. तेव्हा छाती फुगलेली, कान बंद. पुढं कळलं की हे दोन शब्द माणसाला आयुष्यभर पुरतात. माझा फोन वाजला की अजूनही पोटात गोळा येतो. फोन बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याचा असतो, “मोटार झाली का?” म्हणून. मी त्याच्यावर खेकसतो. त्याला वाटतं, याला गिऱ्हाइकाशी बोलायची अक्कल नाही. आता त्याला काय सांगू की बाबा, तुझा नंबर बघेपर्यंत माझा अर्धा जीव गेलेला असतो!

माझ्या बायकोला माहेर असं नाही. तिची आई लहानपणीच गेली, भाऊ पुण्याकडं कुठंतरी. त्यामुळं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी व्हायचं, ते आमच्याच घरी धरलं होतं. मी तेव्हा कॅम्पला होतो. दिवस भरायच्या आधीच तिला कळा लागल्या. गाव आडबाजूला, आप्पांना साधी मोटरसायकल येत नाही. आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्यात वडलांना आप्पाच म्हणतात. ते बिचारे या आळीतून त्या आळीत गाडी शोधत पळत होते. गाडी मिळाली, दवाखाना मिळाला, पण लेकरू मिळालं नाही. मुलगा होता. आप्पांनी स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून त्याला ओढ्याच्या काठी पुरलं आणि मग मला फोन केला. “बायको बरी हाय तुझी. लेकरू न्हाय राह्यलं. तू तुझं काम कर.” एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्या लेकराचं नाव आप्पांनी कधी काढलं नाही. तसे ते मुळातच कमी बोलणारे. मी भरती झालो तेव्हा सगळ्या गावानं पेढे खाल्ले आणि आप्पांनी विचारलं, “दुकान कोण बघणार?” मी वर्दी घालून पहिल्यांदा घरी आलो तेव्हा त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हशीला वैरण टाकायला निघून गेले. पण लेकरू गेल्यानंतरचं त्यांचं गप्प राहणं मला वेगळं वाटायचं. मी बॅग भरायला लागलो की ते उठून बाहेर जायचे. मला पक्कं वाटायचं की या माणसाच्या मनात आहे, पोरगं घरी असतं तर लेकरू वाचलं असतं. आणि मला राग यायचा, कारण माझ्याही मनात तेच होतं.

तर दुसऱ्यांदा दिवस गेले, आणि नेमके उन्हाळ्यात दिवस भरत आले, आणि नेमकं त्याच वेळी सीमेवर तणाव वाढला. नशीब कसं बघा! टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं. दुकानात मोटारींचा ढीग, कारण बोअरचं पाणी तळाला गेलं की मोटारी जळतात, आणि जो येतो तो विचारतो, “काय फौजी, जाणार का आता? माझी तेवढी भरून दे आन मग जा लढायला.” लोक हसायचे. मी पण हसायचो. तार मात्र चुकायची. एकाच मोटारीचं गुंडाळणं उकलून मी पुन्हा पुन्हा भरलं, तरी मन ठिकाणावर येईना.

एकदा दुपारी जेवताना बायकोनं विचारलं, “आवो, बोलावलं तर सुट्टी मिळंल ना? चार-आठ दिवसांचाच तर प्रश्न हाय.” मी म्हणालो, “अशा वेळी बाळंतपणाला नाही मिळत गं. बाळंतपण सगळ्यांच्याच घरी असतं. आई-बाप कुणी गेलं, तर तेवढं थांबवतात.”  तिनं ताटात भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. आप्पा पलीकडं बाजेवर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोपलेत.

दोन-चार दिवसांनी मी एका शेतात बोअरमधली मोटार वर काढायला गेलो होतो. फोनची बॅटरी उतरलेली म्हणून घरीच लावून ठेवला होता. उन्हातून परत आलो तर आप्पा गोठ्यात दावं वळत बसलेले. मान खाली घालूनच म्हणाले, “तुझ्या सायबाचा फोन आल्ता.”

मी पक्कड खाली ठेवली. “काय म्हणाले?”

“बोलावलंय. पर तेरा दिसांनी या म्हणले. दुसऱ्या खेपंच्या लोकांबरुबर.”

“तेरा? तेरा कसे काय?”

“म्या सांगितलं, घरात अडचण हाय.”

मला पटलं नाही, पण माणसाला जे हवं असतं ते तो पटवून घेतो. मी आत जाऊन बायकोला सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला आणि मोठ्यानं श्वास सोडला. माझ्या आईनं देवीपुढं साखर ठेवली. मी म्हणालो, चला, सुटलो.

त्याच दिवशी दिवेलागणीला माझ्या कंपनीतल्या तामलवाडीच्या गड्याचा फोन आला. तो दुसऱ्या दिवशी निघणार होता. आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. तो भरल्या गळ्यानं म्हणाला, “गड्या, लई वाईट झालं रे. सुभेदार साहेबांनी सांगितलं आत्ता. आप्पा असे अचानक कसे गेले?”

माझ्यासमोर, ताटावर, आप्पा बुक्कीनं कांदा फोडत होते.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. “हो,” म्हणालो असेन. तो म्हणत होता, “जाताना येडशीला उतरतो, घरी भेटून जातो. आईला तोंड तरी दाखवतो.”  मी म्हणालो, “नको नको, गाव आडबाजूला आहे, तुझी गाडी चुकेल, तू हजर हो.” आई विचारायला लागली, “कोण येतंय? येऊ दे की जेवायला.” आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि ठेच्याचं भांडं पुढं ओढलं. त्यांना सगळं कळलं होतं. जेवण मात्र त्यांनी नेहमीसारखं पोटभर केलं!

जेवण होताच मी त्यांना गोठ्याकडं नेलं. आवाज चढवता येत नव्हता, घरात बायको अवघडलेली. दबक्या आवाजात भांडायला किती त्रास होतो ते त्या दिवशी कळलं.

“आप्पा, तुम्ही साहेबांना काय सांगितलंत?”

“सांगितलं, मी चुलता बोलतोय. त्याचा बाप सकाळीच गेला.”

“अहो पण—”

“आरं म्या काय दुसऱ्याला मारलं का? सवताला मारलं. कुणाच्या बापाचं काय गेलं?”

“माझ्याच बापाचं गेलं ना, आप्पा!”

त्यावर ते हसले. खरंच हसले, दातांच्या फटीतून. मला रडू येत होतं आणि हा माणूस हसत होता. मग म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “मागच्या टायमाला म्या एकटा व्हतो. ह्या टायमाला एकटा ऱ्हानार न्हाय. तुझा सायेब काय करायचं ते करू दे.” आणि विषय संपला. त्यांच्यापुरता संपला.

माझा तिथून सुरू झाला. तुम्हीच विचार करा, मी कशात अडकलो होतो. खोटं उघडं पडलं तर वर्दी जाणार, वर शिक्षा आणि गावभर तोंड काळं. आणि खरं झालं तर बाप जाणार. आमच्याकडं जित्या माणसाच्या मरणाचा शब्द काढला तरी बायका ‘शुभ बोल’ म्हणून दटावतात, इथं तर खुद्द माणसानं फोन करणाऱ्याला आपल्या तोंडानं सांगून टाकलेलं. शब्द बाहेर पडला की तो फिरत राहतो, असं आई म्हणायची. आईला तर यातलं काहीच सांगायची सोय नव्हती. नवरा जिवंत असताना पलटणीच्या कागदावर आपण विधवा झालोय, हे तिला कसं सांगायचं?

साहेबांना फोन लावून खरं सांगावं असं रोज वाटायचं. नंबर काढायचो, बघायचो, ठेवायचो. आतून बायकोच्या बांगड्यांचा आवाज आला की हात आखडायचा. ती आता भिंतीला धरून चालत होती. भित्रा म्हणा मला, खोटारडा म्हणा. मी फोन केला नाही.

त्या दिवसांत मी आप्पांचा पहारेकरीच झालो. कॅम्पात दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा दिलाय, पण इतक्या धास्तीनं कधी दिला नव्हता. ते खोकले की मी दुकानातून काम टाकून घरी. ते विहिरीकडं गेले की मी मागं. दुपारी लिंबाखाली बाजेवर झोपले की मी बाजूला उभा राहून त्यांच्या बंडीकडं टक लावून बघायचो, वर-खाली होतेय ना. एकदा असाच वाकून बघत होतो, त्यांनी एक डोळा उघडला. “काय बघतूस? हाय अजून.” आणि कूस बदलली. मी तिथंच खाली बसलो. 

बायकोच्या लक्षात आलं, काहीतरी बिघडलंय. “आप्पांच्या मागं मागं का फिरताव? त्यांना काय झालंय का?” मी म्हणालो, “वय झालंय.” ती म्हणाली, “वय कालच झालं व्हय?” हिच्यापासून काही लपत नाही, पण तिनं पुढं विचारलं नाही. तिच्या डोक्यात तिची स्वतःची भीती होती, माझ्या भीतीला तिथं जागा नव्हती.

कळा पहाटे लागल्या. या वेळी गाडी मी आधीच सांगून ठेवली होती, मित्राची पिकअप, चावीसकट दारात. मीच चालवली. आई मागं तिला धरून बसलेली, आप्पा माझ्या शेजारी, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. रामलिंगाच्या फाट्यावरून पुढं आलो तेव्हा त्यांनी टोपी काढून हात जोडले.  धाराशिवपर्यंत मागून फक्त तिचं कण्हणं. मागच्या खेपेला हे सगळं माझ्याशिवाय झालं होतं. हाच रस्ता, हेच कण्हणं, आणि आप्पा एकटे. मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, रक्त लागेल, रक्त देणारी माणसं आणा. माणसं कुठून आणणार? मी बाही वर केली. माझं रक्त घेतलं आणि बदल्यात तिच्या गटाची पिशवी मिळाली. पिशवी घेऊन मी जिन्यावरून पळत होतो आणि मनात एकच, मी नसतो तर? मी आत्ता तिकडं रांगेत हजेरी देत उभा असतो तर? आप्पा त्यांच्या उसवलेल्या चपला घालून या जिन्यावरून पळाले असते. आणि पोचले नसते.

मुलगी झाली. रडली. चांगली दणकून रडली. आईनं माझ्या दंडाला धरून मला हलवलं, “आरं ऐक, ऐक की!” जसं काही मी बहिराच आहे. आप्पा वॉर्डाच्या दारातच उभे राहिले. बायकांच्या वॉर्डात आत कसं यायचं म्हणून. आईनं पोरीला दारापर्यंत नेलं. त्यांनी वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, “नाक माझ्या आईवर गेलंय.” मग जे बाहेर गेले ते चहाच्या गाड्यावर जाऊन बसले. मी मागं गेलो तर पाठमोरे होते, टॉवेलात तोंड घालून. मी परत फिरलो. मी त्यांना बघितलेलंच नाही, असं आम्ही दोघंही आजपर्यंत धरून चाललोय.

पलटणीच्या हिशेबानं घरात सुतक, आणि घरात होतं सोयर. पाचवी पुजली. पोरीच्या अंगाला वेखंडाचा वास, बायकोला डिंकाचे लाडू, आणि माझी बॅग कोपऱ्यात भरून ठेवलेली. या वेळी बॅग मी नव्हती भरली. आप्पांनी भरली होती. कपड्यांच्या घड्या वाकड्यातिकड्या, बूट मात्र चमकवलेले.

निघायच्या दिवशी ते मला सोडायला येडशी स्टेशनापर्यंत आले. असं ते कधी येत नाहीत. गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसलो, तर त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं आणि म्हणाले, “असाच जाणार व्हय?”

“म्हणजे?”

“बाप मेलाय तुझा. डोक्यावर केस, तोंडावर मिशी. तुझा सायेब कुठला हाय?”

“साताऱ्याकडचा.”

“मग त्याला कळतंय सगळं.”

 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, इतके दिवस ज्या भीतीनं जगलो तिच्यात एवढी साधी गोष्ट सुटली होती. आमच्याकडं बाप गेला की पोरगं डोकं भादरतं, मिशी काढतं. ती एकदाच निघते, बापासाठी. बाप जिता असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे बापाच्या नावानं पाणी सोडणंच की.

“आप्पा, मी हे करणार नाही,” मी म्हणालो. “पकडलं तर पकडलं. जाऊ दे वर्दी.”

“वर्दी जाऊ दे म्हनतूस? कशी जाऊ दे?” त्यांचा आवाज एकदम चढला. बाजूचे लोक बघायला लागले. “उठ.”

“तुम्हाला काही झालं तर?”

“मला व्हायचं ते झालंय. तेरावंबी झालं. उठ म्हनतो ना!”

स्टेशनासमोरच एक सलून आहे. दोन खुर्च्या, एक पंखा. न्हावी अनोळखी होता, तेवढं एक बरं. आप्पा मागच्या फळीवर बसले. मी म्हणालो, डोकं आणि मिशी, सगळं. न्हाव्याचा हात थांबला. त्यानं रेडिओ बंद केला. या धंद्यातल्या माणसाला विचारावं लागत नाही, तरी रीत म्हणून त्यानं हळू विचारलं, “कोण गेलं?”

 आरशात आप्पा दिसत होते.

“बाप गेला त्याचा,” आप्पा म्हणाले.

“अरेरे. वय काय होतं?”

“माझ्याएवढाच व्हता.”

“तुम्ही?”

“चुलता.”

“असू द्या,” न्हावी मला म्हणाला, डोक्यावर पाणी मारता मारता. “चुलता हाय ना पाठीशी. चुलता म्हंजी बापच.” आप्पांनी मान हलवली, अगदी गंभीरपणे. मला हसू यायला पाहिजे होतं, पण केस मांडीवर पडायला लागले आणि मला हुंदकाच आला. न्हावी थांबला, पुन्हा लागला. मिशीला वस्तरा लावताना मी डोळे मिटले आणि देवीला म्हणालो, आई, हे खरं धरू नकोस, आम्ही गरजू माणसं आहोत, लबाड नाही.

डोळे उघडले तर आप्पा खुर्चीमागं येऊन उभे होते. आरशात ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी माझ्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला. लहानपणी जावळ काढल्यावर ठेवला असेल, त्यानंतर आत्ताच. “असा दिसतूस व्हय,” ते म्हणाले. न्हाव्याला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला.

गाडीत बसल्यावर ते फलाटावर थांबले नाहीत. म्हशीची वेळ झाली, म्हणाले.

युनिटात पोचलो. गेटापासून प्रत्येकजण माझ्या डोक्याकडं बघून आवाज खाली घेत होता. तामलवाडीच्या गड्यानं येऊन मिठी मारली, मला त्याच्या डोळ्यांत बघवेना. हजेरी दिली, सामान लावलं, आणि निरोप आला, सुभेदार साहेबांनी बोलावलंय. मला वाटलं, संपलं. कुणीतरी सांगितलं असणार. धाराशिवचा कुणी, दवाखान्यातला कुणी, तो न्हावीच कुणाच्या तरी ओळखीचा निघाला असणार. साहेबांच्या खोलीपर्यंत जाताना मी मनात ठरवलं, विचारलं की सगळं खरं सांगून टाकायचं. एकदाचं डोक्यावरचं ओझं उतरेल.

साहेब खुर्चीवरून उठले. मला बसायला सांगितलं, स्वतः उभेच राहिले.

“सावरलास का?” त्यांनी विचारलं.

“साहेब, मला एक सांगायचंय—”

“आधी माझं ऐक. मला तुझ्या चुलत्यांचा फोनवरचा आवाज अजून जात नाही डोक्यातून. मी इतकी वर्षं लोकांना अशा बातम्या देतोय, घेतोय. पण ते ज्या प्रकारे रडले ना फोनवर, मला बोलताच येईना.”

मी खुर्चीत बसलो.

“मी त्यांना म्हणालो, मुलाला सांभाळा. तर ते म्हणाले, साहेब, आमचा भाऊ तोंडानं कधी बोलला न्हाय, पर त्याला ह्या पोराचा लई अभिमान व्हता. वर्दीतला त्याचा फोटो बंडीच्या खिशात घेऊन फिरायचा. लोकं ‘अर्धा फौजी’ म्हणायची, तर हा पारावरनं उठून घरी यायचा. आणि म्हणाले, पहिलं लेकरू गेलं तेव्हा पोरगं कॅम्पला होतं. पोराला वाटतं, बापानं त्याला दोष दिला. तसं कधीच नव्हतं साहेब. बाप स्वतःलाच दोष देत व्हता, गाडी येळंवर मिळाली न्हाय म्हणून. त्याला पोराच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. हे पोराला सांगायचं राहून गेलं. तुमी सांगा.”

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “म्हणून बोलावलं तुला. निरोप होता, दिला.”

मी रडलो. असा रडलो की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून गेला. साहेब म्हणाले, “रड, मोकळा हो, बापासाठी रडायला लाजायचं नसतं.” आणि जे सांगायचं ठरवून आत गेलो होतो ते घशातच राहिलं. ते आजही तिथंच आहे. आप्पा आहेत, पोरगी त्यांच्या बाजेभोवती रांगते, आणि माझा फोन वाजला की आता पोटात दोन गोळे येतात, एक बोलावण्याचा आणि एक घरचा. त्यांचं खरंच काही झालं तर मी कुणाला काय सांगणार आहे, याचा विचार मी करत नाही. म्हणजे रोजच करतो.

साहेबांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “पोचल्याचा घरी फोन कर. इथूनच कर.”

मी लावला. पलीकडून म्हशीच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज आला, मग ते.

“पोचलो.”

“बरं.”

 साहेब समोरच उभे. त्यांनी खुणेनं विचारलं, कोण? मी म्हणालो, “चुलते.” साहेब म्हणाले, “त्यांना माझा नमस्कार सांग.”

“साहेब नमस्कार सांगतायत.”

पलीकडं घंटी वाजली. मग त्यांनी घसा खाकरला.

“सायबाला म्हणावं, पोराकडं ध्यान ठेवा. त्याला बाप न्हाय.”